मासा उलटा पडलाय, आता काय करायचं?

नळाला पाणी येणार म्हणून पहाटे चारला उठलो होतो. सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्या तास-दीड तासात हौद, ड्रम, घागरी सगळं भरून घ्यायचं असतं. त्याच गडबडीत फिश टँकचंही पाणी बदलून टाकावं म्हणून मी अर्धवट झोपेत पाइप आत सोडला. टाकीत एक चिनी मातीचा किल्ला होता. आपल्या गावात भुईकोट किल्ला आहे, तर माशांनाही एक असू दे, एवढाच त्यामागचा विचार. पाण्याच्या धारेनं खालची वाळू सरकली, किल्ला कलंडला आणि कडेला विसावलेल्या आमच्या ऑरांडा गोल्डफिशच्या कुशीवर आदळला.

मासा लगेच निसटून पळाला. तीन खवले निघाले होते, तिथं लालसर डाग दिसत होता. पोहत तरी होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. संध्याकाळी शेजारचा पोरगा आला आणि काचेला नाक लावून ओरडला, "काका, मासा उलटा पडलाय की ओ!"

उलटा म्हणजे अगदी पोट वर असा नव्हता. उजव्या कुशीवर कलला होता, शेपूट वर, तोंड खाली. सरळ व्हायला कल्ल्यांमागचे दोन्ही पर सारखे मारायचा, क्षणभर सरळ व्हायचा आणि परत कलायचा. मी काय केलं? दुकानात गेलो, निळं औषध आणलं, पिवळं आणलं, मोबाइलवर वाचून मटार उकडले आणि सगळं एकाच रात्री दिलं. दुसऱ्या दिवशी तो तळाला पडून नुसते कल्ले हलवत होता.

आमच्या ओळखीत एक अण्णा आहेत. आयुष्य चादरीच्या मागावर गेलं आणि मासे पाळण्याला चाळीसेक वर्षं झाली. त्यांनी टाकीकडे पाहिलं, औषधांच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी त्याचे कष्ट कमी करा ओ. औषध मागनं."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मुख्यतः गोल्डफिशसाठी आहे, कारण नवशिक्याच्या घरात बहुधा तोच असतो. फायटर (बेट्टा) मासा असेल तर काय वेगळं करायचं, ते शेवटाकडे सांगितलंय.

आधी ओळखा: मार लागलाय की दुसरंच काही?

माशाच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली हवेची एक पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला वाताशय म्हणतात, दुकानदार "स्विम ब्लॅडर" म्हणतो. तिच्यातल्या हवेमुळे मासा हातपाय न मारता, म्हणजे पर न मारता, पाण्यात मधोमध थांबू शकतो. गोल्डफिशमध्ये या पिशवीचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतात आणि तिथून एक बारीक नळी अन्ननलिकेला जोडलेली असते. त्यामुळे गोल्डफिश वर येऊन हवा गिळू शकतो आणि जादा झालेली सोडूही शकतो. ऑरांडा, रांचू, र्‍युकिन अशा गोलमटोल जातींमध्ये आखूड शरीरात सगळं दाटीवाटीनं बसलेलं असतं. म्हणून लांबट साध्या गोल्डफिशपेक्षा यांचा तोल लवकर जातो.

बाहेरून मार बसला की पिशवी फाटू शकते, आजूबाजूला सूज येऊन ती दाबली जाऊ शकते किंवा जागची सरकू शकते. बाहेरून पाहून यातलं नेमकं काय झालंय ते सांगता येत नाही, त्याला एक्स-रे लागतो. पण हे इजेमुळे झालंय की नाही, एवढा अंदाज घरी बांधता येतो.

मासा काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता आणि आज एकदम कलला, तर मार आठवून पहा. टाकीबाहेर उडी मारली होती का? जाळीनं पकडताना झटापट झाली का? फिल्टरच्या तोंडाला चिकटला होता का? दुसऱ्या माशानं कुशीला टोचलं होतं का? मग वरून, अगदी टाकीवर वाकून पहा. दोन्ही कुशी सारख्या दिसायला हव्यात. एका बाजूला फुगवटा किंवा खोलगट खूण, निघालेले खवले, लाल चट्टा असेल तर इजाच समजा.

मासा आठ-दहा दिवसांत हळूहळू कलायला लागला असेल, पोट टम्म असेल, विष्ठा लांब दोऱ्यासारखी लटकत असेल, तर ते बद्धकोष्ठ असण्याची शक्यता जास्त. मटाराचा उपाय त्याच्यासाठी आहे. फाटलेल्या पिशवीला मटार काही करत नाही, हे मला उशिरा कळलं.

सगळेच मासे सुस्त किंवा पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत असतील, तर दोष पाण्यात आहे.

आणि वरून पाहताना खवले सगळीकडून पिंजारून उभे दिसत असतील, देवदारच्या फळासारखे, तर शरीरात पाणी साठतंय. हे मूत्रपिंडाचं किंवा आतल्या संसर्गाचं दुखणं असतं आणि त्यातून मासे क्वचितच वाचतात. अशा वेळी पुढचं वाचत बसण्यापेक्षा आधी डॉक्टर शोधा.

त्याला वेगळं करा, पण जाळी वापरू नका

मोठ्या टाकीत कललेला मासा फार दिवस टिकत नाही. बाकीचे गोल्डफिश वाईट नसतात, पण खादाड असतात. जखमेवरचं लोंबणारं कातडं त्यांना खाऊच वाटतं. म्हणून वीस-पंचवीस लिटरचा एक टब घ्या. धुण्याचा, साबण लागलेला नको. मंडईत मिळतो तो साधा नवा प्लॅस्टिकचा पसरट टब उत्तम. तळात वाळू, दगड, शोभेचं काही नको. मासा तळाला घासला तरी गुळगुळीत प्लॅस्टिकवर घासेल, आणि विष्ठा दिसते म्हणून स्वच्छताही सोपी जाते.

टबात पाणी जुन्या टाकीतलंच अर्धं आणि ताजं अर्धं. जुन्या टाकीचं पाणीच बिघडलं असेल तर मात्र सगळं ताजं घ्या, तापमान जुळवून. फिल्टर म्हणजे एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. त्याचा स्पंज मोठ्या टाकीत आधीपासून ठेवलेला असला तर सोन्याहून पिवळं, कारण माशाच्या कल्ल्यांतून पाण्यात सुटणारा अमोनिया पचवणारे जंतू त्यावर वाढलेले असतात. बुडबुडे अगदी मंद ठेवा. जोराचा प्रवाह म्हणजे कललेल्या माशाला दिवसभर चढाला सायकल मारायला लावण्यासारखं आहे.

आता मासा हलवायचा. जाळीचे धागे जखमेत आणि खवल्यांत अडकतात. एक मोठा डबा किंवा पातेलं पाण्यात पूर्ण बुडवा, माशाच्या पुढ्यात धरा आणि दुसऱ्या ओल्या हातानं त्याला हळूच आत वळवा. डबा पाण्यासकट उचला. मासा हवेत येताच कामा नये. एक सांगून ठेवतो, कारण मी ते पाहिलंय: घरात सोलापुरी टॉवेल असतात म्हणून कोणी मासा टॉवेलात गुंडाळून नेऊ नका. टॉवेलाची लव माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढते, आणि जंतूंपासून त्याचं संरक्षण तोच थर करत असतो.

टबावर जाळीचं झाकण हवं. उडी आणि मांजर, दोन्हींसाठी.

पाण्याची खोली, म्हणजे अण्णांचं खरं औषध

टबातलं पाणी उथळ ठेवा. आठ-दहा सेंटिमीटर लांबीच्या गोल्डफिशला पंधरा ते अठरा सेंटिमीटर पाणी पुरतं. मासा सरळ उभा राहिला तर पाठीचा पर बुडून वर दोन-तीन बोटं पाणी राहावं, त्याहून कमी नको.

यावर बरेच जण सांगतात की उथळ पाण्यात दाब कमी होतो म्हणून पिशवीला आराम मिळतो. मला ते पटत नाही. दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो. घरच्या टाकीतल्या तीस सेंटिमीटर पाण्यानं फरक पडतो तो जेमतेम 3 टक्क्यांचा. फायदा दुसरा आहे. तळाला बसणाऱ्या माशाला खाण्यासाठी, हवा गिळण्यासाठी वर यावं लागतं. तोल गेलेल्या माशाला ते वीस-तीस सेंटिमीटर म्हणजे दर वेळी सिद्धेश्वर यात्रेतला जड नंदीध्वज उचलण्यासारखं. अंतर कमी केलं की त्याची शक्ती वाचते, आणि जखम भरते ती त्याच शक्तीवर.

पुढे दोन वाटा होतात.

मासा तळाला बसत असेल तर पोटाखालचं कातडं घासून लाल होतं. दिवसातून दोनदा टॉर्च मारून तेवढं पहा. तळ रोज पुसून घ्या, साचलेल्या विष्ठेवर तो पडून राहता कामा नये. पिल्लांसाठी दुकानात जी जाळीची पेटी मिळते, ती टबात अशी अडकवा की मासा तिच्या मऊ तळावर टेकेल आणि वर चार-पाच बोटं पाणी राहील. झोळीत टाकलेल्या बाळासारखा तो त्यात निवांत पडतो. आमचा मासा पहिल्या रात्री त्या जाळीवर टेकला आणि त्याचे पर पहिल्यांदाच थांबले. एवढा वेळ तो सतत धडपडत होता हे मला ते थांबल्यावर लक्षात आलं.

मासा वर तरंगत असेल तर धोका पाठीला किंवा कुशीला आहे. पाण्याबाहेर राहिलेलं कातडं सोलापूरच्या कोरड्या हवेत, त्यात पंखा चालू असला तर, काही तासांत सुकतं. मग तिथं फोड, मग जखम. त्यासाठी तरंगणाऱ्या पाणवनस्पतींचा सैल झुबका वर सोडा, म्हणजे तो भाग ओला आणि सावलीत राहतो. वनस्पती दुकानातूनच घ्या. संभाजी तलावात जलपर्णी फुकट मिळते म्हणून ती आणू नका. तिच्यासोबत गोगलगायी, परजीवी आणि तलावातलं सांडपाणीही घरी येतं. टबावर थेट पंखा नको.

तरंगणाऱ्या माशाच्या पोटातली हवा सिरिंजनं काढायचे व्हिडिओ फिरत असतात. तो उद्योग करू नका. सुई कुठं जातेय ते एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि लागून मूत्रपिंड असतं.

पाणी: सोलापूरचं म्हणून थोडं जास्त

वीस लिटरचा टब, त्यात एक गोल्डफिश. अमोनिया झपाट्यानं चढतो. रोज एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदलायचं, चुकवायचं नाही. तपासणीच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट मिळालं तर घ्याच. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आत. अमोनिया जरा जरी दिसला तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदला. कारण पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी हजर असतात.

रोज पाणी बदलायचं आणि नळ चार दिवसांनी येतो, मग कसं जमवायचं? मासा आजारी असेपर्यंत एक पन्नास लिटरचा झाकणाचा ड्रम फक्त त्याच्यासाठी भरून ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे आले की तेच पाणी आंघोळीला जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवलं तर ते बहुतांशी उडून जातं. घाई असेल तर दुकानात "अँटी क्लोरीन" मिळतं, बाटलीवरच्या मापानं घाला.

उजनीचं पाणी आणि घरच्या बोअरचं पाणी यांची सरमिसळ करू नका. बोअरचं पाणी बरंच जड असतं. गोल्डफिशला जड पाण्याचं वावडं नाही, पण आज हे, उद्या ते, परवा टँकरचं, असा बदल जखमी माशाला झेपत नाही. मासा ज्या पाण्यात वाढलाय तेच पुढे चालू ठेवा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं, ते कधीही थेट ओतायचं नाही. पाणी पहाटे बदला. नवं आणि जुनं पाणी यांत एखाद-दुसऱ्या अंशापेक्षा जास्त फरक नको. हाताचा अंदाज फसवा असतो, तेव्हा शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर घेऊन टाका.

गोल्डफिशला 20 ते 24 अंश मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात जातो तेव्हा घरातल्या टबाचं पाणीही तिशी ओलांडतं. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. इथं मात्र सोलापुरी टॉवेल कामाला येतो. टब जमिनीवर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा, बाहेरून ओला टॉवेल गुंडाळा, टॉवेलाचं टोक खालच्या परातीतल्या पाण्यात बुडवून सोडा. माठ गार राहतो तसा टब दोन-तीन अंशांनी उतरतो. बर्फ थेट टाकू नका. फारच तापलं तर गोठवलेली पाण्याची छोटी बाटली तरंगत सोडा आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवा. तासाला एक अंश उतरला तर पुष्कळ झालं.

लाइट गेली तर? बॅटरीवरचा छोटा एअर पंप मिळतो. तो नसेल तर तांब्यानं टबातलंच पाणी घेऊन बोटभर उंचीवरून टबाच्या कडेनं हळूहळू ओतत रहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाच-सहा वेळा. पाणी उथळ आणि पसरट असल्यानं तेवढ्यावरही निभावतं.

मीठ

आता औषधाकडे येऊ, तेही साध्या मिठापासून. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरत असतं आणि मूत्रपिंड ते उपसत असतात. कातडीला भोक पडलं की हा उपसा वाढतो. टबातल्या पाण्यात थोडं मीठ असलं की आतबाहेरचा फरक घटतो आणि उपसा कमी होतो. परत तेच, कष्ट कमी करणं.

लिटरला 1 ग्रॅम इथून सुरुवात. वीस लिटरला वीस ग्रॅम खडेमीठ, किचनच्या काट्यावर तोलून. एका मगात विरघळवून टबाच्या कडेनं थोडं थोडं सोडा. दुसऱ्या दिवशी मासा बरा दिसला तर लिटरला आणखी एक ग्रॅम. गोल्डफिशला लिटरला 3 ग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढे जाऊ नका. टबात मीठ असेल तर पाणवनस्पती फार टिकत नाहीत, हे तरंगणाऱ्या माशाच्या वेळी लक्षात ठेवा आणि कोमेजलेल्या काढून टाका.

नवशिक्याचा हिशेब चुकतो तो असा. उन्हाळ्यात टबातलं पाणी रोज बोटभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून उडालेल्याची भरपाई साध्या पाण्यानं करायची. मीठ घालायचं ते फक्त तुम्ही उपसून काढलेल्या पाण्यापुरतं. आठ लिटर काढलं, आठ लिटरचं मीठ.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ही वेगळी वस्तू आहे. सैंधव नव्हे. सूज किंवा टम्म पोट असेल तरच त्याचा उपयोग. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, साधारण 12 ते 15 ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवा, मासा त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि परत टबात सोडा. दिवसातून एकदा, तीन दिवस. त्या वेळात भांड्यापासून उठायचं नाही. मासा आडवा होऊन कल्ले जोरात मारू लागला तर लगेच बाहेर. आपल्या जिल्ह्यात डाळिंब-द्राक्षांच्या बागांसाठी कृषी केंद्रांतही मॅग्नेशियम सल्फेटची पोती असतात. ते खत आहे, त्यात आणखी काय मिसळलंय सांगता येत नाही. मेडिकलमधून छोटं पाकीट आणा.

हळद, पोटॅशियम परमँगनेट, घरात उरलेल्या माणसाच्या अँटिबायोटिक गोळ्या, यातलं काहीही टाकू नका. मी आणलेलं पिवळं औषध टेट्रासायक्लिनच्या जातीचं होतं. पुढे कळलं की हे औषध जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं आणि माशापर्यंत फारसं पोचतच नाही. म्हणजे माझ्या टाकीतल्या जड पाण्यात ते पैसे फेसासारखे वाहून गेले. निळ्यानं फिल्टरमधले उपकारी जंतू मारले, अमोनिया चढला, आणि किल्ल्यातून वाचलेला मासा माझ्या उपचारांनी तळाला गेला.

डॉक्टर कधी? जखमेवर कापसासारखे पांढरे तंतू दिसले, लाल चट्टा रोज पसरत गेला, डोळे बाहेर आले किंवा मासा तीन-चार दिवस अजिबात खाईना, तर. माशांचं पाहणारे डॉक्टर कमी असतात. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोनवर विचारा, माशाचा वरून आणि बाजूनं काढलेला फोटो, पाण्याच्या चाचणीचे आकडे आणि घातलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव हाताशी ठेवा.

खाणं

पहिले दोन दिवस काही देऊ नका. आईला हे पटत नव्हतं, "आजारी जिवाला उपाशी ठेवतोस?" असं ती दोन दिवस ऐकवत होती. गोल्डफिशला जठरच नसतं. तो थोडं थोडं खात राहणारा जीव आहे आणि मोठ्या माशाला दोन-तीन दिवसांच्या उपासानं काही होत नाही. रिकाम्या आतड्यानं मात्र पिशवीवरचा दाब कमी होतो.

तिसऱ्या दिवसापासून बुडणारे दाणे द्या. तरंगणारे दाणे खाताना मासा हवाही गिळतो. चार-पाच दाणे पाच मिनिटं टबाच्याच पाण्यात भिजवा, फुगू द्या, मग द्या. कललेल्या माशाला नेम धरता येत नाही, तो दाण्याच्या बाजूला तोंड मारतो. म्हणून बोथट टोकाच्या चिमट्यात दाणा धरून थेट ओठांजवळ न्या. पहिल्या दिवशी घाबरेल. तिसऱ्या दिवशी चिमटा दिसताच वळेल. सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे बस झाले. न खाल्लेलं दहा मिनिटांत काढून घ्या. आठवड्यातून एकदा उकडलेला, साल काढलेला एक मटार कुस्करून चालेल, तेवढा बदल म्हणून.

वही

एक साधी वही घाला. रोज एकाच वेळी, पाणी बदलायच्या आधी, एवढंच लिहा: किती कललाय (घड्याळाच्या काट्यासारखं लिहिलं तर सोपं, बारा म्हणजे सरळ), कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात, खाल्लं का, विष्ठा कशी, जखमेचा रंग, पाण्याचं तापमान. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, वहीला दिसतो. माझ्या वहीत पाचव्या दिवशी "अडीच वाजले" आहे आणि बाराव्या दिवशी "एक". मधल्या आठवड्यात मला वाटत होतं काहीच होत नाहीये.

साधारण अपेक्षा अशा ठेवा. तीन-चार दिवसांत धडपड कमी व्हावी. आठ-दहा दिवसांत जखमेची लाली उतरावी. खवले परत यायला कित्येक आठवडे जातात. तोल सगळ्यात शेवटी सुधारतो आणि काही माशांचा पूर्ण सुधारतच नाही. थोडं कलूनही जो खातो, फिरतो, तो सुखानं जगतो. आमचा अजूनही सव्वाबारा वाजवत पोहतो.

काही मासे तळालाच राहतात, पण भूक चांगली असते. अशांसाठी लोक टाकीच्या हवेच्या नळीचं कडं आणि मऊ जाळी वापरून तरंगती झोळी करतात. करायची तर रोज काढून खालचं कातडं पाहायलाच हवं, पट्टा रुतला की नवी जखम. एवढा वेळ नसेल तर उथळ टाकीच कायमची करा.

फायटर असेल तर

फायटरच्या वाताशयाला गोल्डफिशसारखी अन्ननलिकेशी जोडणारी नळी नसते, त्यामुळे त्याला जादा हवा तोंडावाटे सोडता येत नाही आणि सुधारणा सावकाश होते. शिवाय तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वासही घेतो, म्हणून त्याला उथळ पाणी जास्तच गरजेचं: दहा-बारा सेंटिमीटर. तापमान 26 ते 28, म्हणजे टॉवेलाची गरज उन्हाळ्यातच, आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या थंडीत उलट छोटा हीटर. पृष्ठभागाखाली बोटभर अंतरावर एक रुंद पान अडकवून द्या, त्यावर तो टेकून श्वास घेतो. मीठ लिटरला एका ग्रॅमवर थांबवा. दाणे दोन, दिवसातून एकदा.

नाहीच सुधारला तर

दोन-तीन आठवडे सगळं करूनही मासा खात नाही, पोट वर करून पडतो, कातडी उलत चालली आहे, अशी वेळ येते. तेव्हा काही जण "सिद्धेश्वर तलावात सोडून देऊ, पुण्य लागेल" म्हणतात. तोल नसलेला मासा तिथं तासाभरात बगळ्याच्या तोंडी जातो, आणि त्याचा रोग तलावात राहतो. कमोडमध्ये टाकणं, बर्फात ठेवणं हेही नको, दोन्हींत हाल आहेत.

डॉक्टर मिळत नसेल तर लवंग तेल हा त्यातल्या त्यात शांत मार्ग. एका छोट्या बाटलीत कोमट पाण्यात तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा. माप लिटरमागे अर्धा मिली. मासा त्याच्याच टबातल्या दोन लिटर पाण्यात घ्या आणि हे मिश्रण ओता. तो काही मिनिटांत झोपी जातो. कल्ले थांबले तरी लगेच काढू नका, त्यानंतर आणखी अर्धा तास तसाच राहू द्या. लहान मुलं घरात असतील तर त्यांच्याशी खोटं बोलू नका, पण समोरही करू नका.

परत मोठ्या टाकीत

सलग आठवडाभर नीट खाल्लं, जखम कोरडी आणि गुलाबी-पांढरी झाली, वहीतला काटा एका जागी स्थिरावला की परत न्यायचा. आधी चार-पाच दिवस टबातलं मीठ उतरवा, म्हणजे पाणी बदलताना नवं मीठ घालायचं थांबवा. टबाची खोली रोज दोन बोटं वाढवत न्या. तो वरखाली करताना दमतोय का ते कळतं.

मोठ्या टाकीतून टोकदार, डुगडुगणारं, वरून कोसळेल असं सगळं काढून टाका. फिल्टरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा चढवा. हलवायचं संध्याकाळी, टाकीचा दिवा बंद करून, परत त्याच डब्यानं. बाकीच्यांना आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घाला. पहिली रात्र आणि दुसरा दिवस अधूनमधून पाहत रहा. कोणी टोचत असेल तर परत टबात, आठवड्यानं पुन्हा प्रयत्न. आमच्याकडे दुसऱ्यांदा जमलं.

टब नुसत्या पाण्यानं धुवा, कडक उन्हात दिवसभर वाळवा आणि माळ्यावर टाका. स्पंज फिल्टर मात्र वाळवू नका. टाकीचं पाणी उपसून काढाल त्यात तो पिळून घ्या आणि मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात चालू ठेवा. दुखणं परत आलंच तर जंतू बसलेला स्पंज त्याच मिनिटाला लागतो.